उघडत नसलेली फाइल : आधी ओळख, मग उपाय

"सर, फाइलच खुलून नाही राह्यली," हे वाक्य मोर्शी-वरुड पट्ट्यातील आमच्या बाजारगावातल्या सेवा केंद्रावर मला जवळजवळ रोज ऐकावे लागते. पीकविम्यासाठी आणलेला सातबारा, मुलीच्या प्रवेशासाठी लागणारा दाखला, बचत गटाचा हिशेब किंवा ग्रामपंचायतीच्या ठरावाचा जुना मसुदा, काहीही असले तरी वाक्य हेच असते. त्यामागच्या तक्रारी मात्र निदान पाच आहेत. दोनदा क्लिक करूनही काहीच होत नाही. संगणक ‘ही फाइल कशाने उघडू’ असे विचारतो. फाइल खराब झाल्याचा संदेश येतो. पासवर्ड मागितला जातो. किंवा फाइल उघडते, पण आत वाचता येईल असे काही नसते. संत्र्याचे पान पिवळे दिसले म्हणून जाणता बागाईतदार लगेच फवारणीचा पंप पाठीवर घेत नाही, तो आधी आळ्यात पाणी तुंबले आहे का ते पाहतो. फाइलच्या बाबतीतही आधी तक्रार नेमकी कोणती आहे ते ठरवावे, पडद्यावर आलेला संदेश शब्दशः वाचावा आणि जमल्यास मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवावा. ‘काहीतरी इंग्रजीत आले होते, मी ओके केले’ एवढ्या माहितीवर कोणालाच मदत करता येत नाही.

आधी प्रत करावी

कोणताही उपाय करण्यापूर्वी त्या फाइलची प्रत करावी आणि जे काही करायचे ते प्रतीवर करावे. हा नियम मी माझ्याच चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका महिला बचत गटाची कर्जवाटपाची एक्सेल फाइल माझ्याकडे पेनड्राइव्हवर आली होती. उघडताना एक्सेलने आतील मजकुरात दोष असल्याचे सांगून शक्य तेवढे परत मिळवू का असे विचारले, मी होय म्हटले, पहिले पान नीट दिसले आणि त्या आनंदात कंट्रोल-एस दाबून मी मोकळा झालो. दुरुस्ती करताना एक्सेलने पुढची दोन पाने वगळली होती, हे ध्यानात आले तोवर मूळ फाइलच्या जागी ही अर्धी फाइल बसली होती. गटाच्या सचिव ताईंनी सगळ्यांची पासबुके गोळा करून तो हिशेब पुन्हा मांडला. त्यात त्यांचे पाच दिवस गेले, आणि त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत, हे अधिकच लागले.

प्रत डेस्कटॉपवर, लहानशा नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावी. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते, आणि त्याला कारणे आहेत. झिप फाइल, म्हणजे फायली दाबून बांधलेले गाठोडे, न सोडवता तिच्या आतूनच उघडलेली फाइल अनेक प्रोग्रामना नीट मिळत नाही. अशा वेळी झिपवर उजवे क्लिक करून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करावे लागते. दुसरे कारण नावाच्या लांबीचे आहे. विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतचा संपूर्ण मार्ग साधारणपणे २६० अक्षरांच्या आत असावा लागतो, आणि एक्सेल तर २१८ अक्षरांच्या पुढे फाइल उघडायला नकार देते. आपण फोल्डरमध्ये फोल्डर करतो आणि प्रत्येकाला ‘ग्रामपंचायत मासिक सभा ठराव व कार्यवृत्त’ अशी ऐसपैस नावे देतो. शिवाय देवनागरीत काना, मात्रा आणि वेलांटी यांचीही वेगवेगळी मोजणी होत असल्याने ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर संपते.

आकार आणि एक्स्टेन्शन

यानंतर फाइलवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि आकार पाहावा. माझ्या मते फाइलविषयी सर्वांत जास्त सांगणारी गोष्ट हीच आहे, आणि सर्वांत कमी पाहिली जाणारीही हीच. आकार शून्य बाइट असेल, तर ते फक्त रिकामे नाव आहे, त्यातून काहीही काढता येणार नाही, तेव्हा वेळ न घालवता मूळ जागेहून फाइल पुन्हा घ्यावी. चार पानांचा रंगीत स्कॅन दोन-तीन केबीचाच दिसत असेल, तर तो स्कॅन नाहीच, दुसरे काहीतरी आहे. त्याचा उलगडा पुढे येईल. डाउनलोड अर्धवट राहिले असेल, तर क्रोमने केलेल्या फाइलच्या शेवटी ‘सीआरडाउनलोड’ आणि फायरफॉक्सने केलेल्या फाइलच्या शेवटी ‘पार्ट’ असे शब्द दिसतात. आमच्याकडे दुपारच्या वेळी नेटवर्क एका काडीवर येते, त्या वेळी मोठी फाइल उतरवायला घेतली की हे हमखास घडते. ते शेवटचे शब्द खोडून फाइल पूर्ण होत नाही. ती पुन्हाच उतरवावी लागते.

हे शेवटचे शब्द, म्हणजे एक्स्टेन्शन, दिसण्याची सोय मात्र आधी करून घ्यावी लागते, कारण ओळखीच्या प्रकारांची एक्स्टेन्शन विंडोज मुळातच लपवून ठेवते. विंडोज ११ मध्ये फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मधून ‘शो’ आणि तेथून ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ निवडावे. विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’ या पट्टीवरच त्या नावाची चौकट आहे, तिच्यावर खूण करावी. ही खूण एकदा करून कायम तशीच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एक्स्टेन्शन ओळखीचे असेल आणि संगणक तरीही ‘कशाने उघडू’ असे विचारत असेल, तर उजवे क्लिक करून ‘ओपन विथ’मधून योग्य प्रोग्राम निवडावा आणि नेहमी यानेच उघडण्याचा पर्याय स्वीकारावा. त्या प्रकाराचा प्रोग्रामच संगणकावर नसेल, तर तो बसवावा लागेल. पीडीएफसाठी मात्र साधा ब्राउझरही पुरतो.

एक्स्टेन्शन दिसू लागले की ते हाताने बदलण्याचा मोह होतो. अर्जाच्या संकेतस्थळाने जेपीजी मागितले, आपल्याकडे दुसऱ्या प्रकारचा फोटो आहे, म्हणून त्याच्या नावाच्या शेवटी जेपीजी लिहिले जाते. पोत्यावर तूर असे लिहिल्याने आतले सोयाबीन तूर होत नाही. हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो तो आयफोनवरून आलेल्या फोटोंत. २०१७ साली आलेल्या आयओएस ११ पासून आयफोन फोटो एचईआयसी या प्रकारात साठवतो, आणि पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या मुलाने तो वॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला की तो जसाच्या तसा येऊन पडतो. असा फोटो विंडोजच्या फोटोज ॲपमध्ये उघडत असेल, तर तेथूनच ‘सेव्ह ॲज’ करून जेपीजी प्रकारात साठवावा. उघडत नसेल, तर पाठवणाऱ्याला आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या ‘फॉरमॅट्स’खाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडून नवा फोटो काढायला सांगावे.

नोटपॅडमध्ये पाहिलेली पहिली ओळ

नावावर विश्वास ठेवता येत नसेल, तर फाइल आत काय आहे हे तिलाच विचारता येते. प्रतीवर उजवे क्लिक करून ती नोटपॅडमध्ये उघडावी. पडद्यावर बहुतेक वेळा चित्रविचित्र चिन्हांचा खच दिसेल. त्याने घाबरू नये, फक्त पहिली ओळ वाचावी आणि काहीही न साठवता नोटपॅड बंद करावे. खरी पीडीएफ असेल तर अगदी सुरुवातीला टक्क्याचे चिन्ह आणि त्याला लागून पीडीएफ ही तीन इंग्रजी अक्षरे, मग १.४ किंवा १.७ असा आकडा दिसतो. पीएनजी चित्राच्या आरंभी पीएनजी ही अक्षरे असतात, जेपीजी फोटोच्या पहिल्या ओळीत बहुधा जेएफआयएफ किंवा एक्झिफ हा शब्द सापडतो, आणि एचईआयसी फोटोच्या सुरुवातीला एफटीवायपी व त्यापुढे एचईआयसी असे वाचता येते. झिप फाइल पीके या दोन अक्षरांनी सुरू होते. ही झिप प्रकार तयार करणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे आहेत. वर्ड आणि एक्सेल यांच्या २००७ नंतरच्या फायली, म्हणजे डॉक्स आणि एक्सएलएसएक्स, याही मुळात झिपच असल्यामुळे त्यांचाही आरंभ पीकेनेच होतो, आणि या गोष्टीचा पुढे मोठा उपयोग आहे.

मघाशी राहिलेला दोन-तीन केबीच्या स्कॅनचा उलगडा येथे होतो. ती पीडीएफ नोटपॅडमध्ये उघडल्यावर पहिल्या ओळीत ‘डॉकटाइप एचटीएमएल’ असे दिसले, तर ती पीडीएफ नसून वेबपान आहे. घडते असे की, संकेतस्थळावर लॉगिन करून आपण दाखल्याच्या बटणापर्यंत पोहोचेस्तोवर मुदत संपलेली असते, संकेतस्थळ दाखल्याऐवजी ‘पुन्हा लॉगिन करा’ हे पान पाठवते, आणि ब्राउझर तेच पान दाखल्याच्या नावाने साठवून ठेवतो. ॲडोबी रीडरला ते पान उघडता येत नाही आणि तो फाइल खराब असल्याचे सांगतो. माणूस समजतो की आपला दाखलाच खराब निघाला, आणि तहसीलला खेप घालायला निघतो. त्याला थांबवावे, पुन्हा लॉगिन करावे आणि न रेंगाळता फाइल उतरवावी.

पहिली दोन अक्षरे एमझेड असतील, तर मात्र थांबावे. ती अक्षरे विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रामची आहेत, आणि दाखला किंवा बिल म्हणवणारी फाइल प्रोग्राम असण्याचे एकच कारण संभवते, फसवणूक. ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ असे दुहेरी एक्स्टेन्शन असलेली फाइल, एक्स्टेन्शन लपवलेले असताना, पीडीएफसारखी दिसते, आणि मी ती खूण कायम ठेवायला सांगतो ते याचसाठी. मोबाइलवर हेच काम एपीके, म्हणजे ॲप बसवणाऱ्या, फायली करतात. लग्नसराईत लग्नपत्रिका म्हणून, आणि एरवी एखाद्या शासकीय योजनेच्या नावाने, वॉट्सॲपवर एपीके फाइल येते. ती उघडत नाही म्हणून लोक आमच्याकडे येतात आणि ती उघडून देण्याचा आग्रह धरतात. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते, ती कधीही एपीके नसते. अशी फाइल काढून टाकावी. चुकून बसवली गेली असेल आणि खात्यातून पैसे गेले असतील, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा.

फाइल ठीक आहे, किल्ली नाही

पासवर्ड मागणारी फाइल खराब नसते, आणि आमच्याकडे अशा फायलींत ई-आधारचा पहिला नंबर लागतो. तिचा पासवर्ड म्हणजे आधारवर छापलेल्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे, सगळी मोठ्या लिपीत, आणि त्यांना लागून जन्मवर्ष. नियम एका ओळीचा आहे, पण अडचण माणसागणिक वेगळी येते. ज्ञानेश्वरभाऊ आपले नाव ‘डीएनवायए’ने सुरू होते असे सांगतात, आधार काढणाऱ्याने मात्र ते ‘जीवायएएन’ असे लिहिलेले असते. जन्मवर्ष तर घरी एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आधारवर तिसरे असू शकते. जुन्या पिढीतील कितीतरी जणांच्या आधारवर १ जानेवारी ही तारीख आहे, कारण नोंदणीच्या वेळी अंदाजाने वर्ष सांगितले गेले. तेव्हा माणसाला न विचारता छापील कार्ड मागावे आणि त्यावर पाहूनच पासवर्ड टाकावा. आयकर विवरणपत्राच्या पोचपावतीला पॅन लहान लिपीत आणि त्यापुढे जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष या क्रमाने आठ अंकांत, असा पासवर्ड असतो. बँकेच्या खातेउताऱ्याचा नियम बँकेगणिक बदलतो, आणि तो उतारा ज्या ई-मेलमधून आला त्याच ई-मेलमध्ये लिहिलेला असतो; लोक फाइल पुढे पाठवतात आणि ई-मेल मागेच राहतो.

याला लागून आणखी एक गैरसमज आहे. डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा किंवा ई-आधार उघडल्यावर स्वाक्षरीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि फाइल बनावट किंवा खराब असल्याची शंका घेतली जाते. या संगणकावरील ॲडोबी रीडरला स्वाक्षरी प्रमाणित करणाऱ्या यंत्रणेची ओळख नाही, एवढाच त्या चिन्हाचा अर्थ आहे. स्वाक्षरीवर उजवे क्लिक करून तिचे गुणधर्म उघडावे, प्रमाणपत्रांच्या साखळीत सर्वांत वर असलेले ‘सीसीए इंडिया’ निवडावे, ‘ट्रस्ट’ या भागातून ते विश्वासार्ह यादीत जोडावे आणि स्वाक्षरी पुन्हा तपासावी. क्रोममध्ये पीडीएफ पाहताना ही तपासणी होतच नाही, त्यामुळे तेथे प्रश्नचिन्ह कधीही हिरवे होणार नाही.

उघडते, पण वाचता येत नाही

ग्रामपंचायतीचे जुने ठराव, शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि छापखान्यातील मजकूर हे सगळे युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टांत टाइप झालेले आहे. या फॉन्टांत मराठी अक्षर साठवलेले नसते. साठवलेले असते इंग्रजी अक्षर, आणि फॉन्ट त्याचे चित्र तेवढे मराठी दाखवतो. कृतिदेवमध्ये ‘महारा’ एवढे लिहिले, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जी, के, जे, के ही पाच इंग्रजी अक्षरे असतात. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तेथे हीच पाच अक्षरे उघडी पडतात, आणि आपल्याला वाटते की फाइलला व्हायरस लागला. मजकूर निवडून त्याला मंगल फॉन्ट लावणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण मंगल ही अक्षरे प्रामाणिकपणे इंग्रजीच दाखवील. नुसते छापायचे असेल तर तोच मूळ फॉन्ट मिळवून बसवावा. पुढे वापरायचे असेल तर त्या फॉन्टापासून युनिकोडमध्ये बदल करणारा कन्व्हर्टर वापरावा, आणि बदललेल्या मजकुरातील रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावी. कन्व्हर्टर नेमका तेथेच घसरतो. शेतकऱ्याचे नाव असलेल्या कागदात ही तपासणी टाळणे म्हणजे पुढच्या वर्षीच्या नावदुरुस्तीच्या अर्जाची तयारी होय.

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या, याद्यांचा त्रास निराळा आहे. लाभार्थ्यांची मराठी यादी सीएसव्ही म्हणून उतरवली आणि दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, की नावांच्या जागी टोपी घातलेली इंग्रजी अक्षरे दिसतात. फाइल चांगली आहे, एक्सेलने तिची लिपी चुकीची धरली आहे. कोरे एक्सेल उघडून ‘डेटा’ या भागातून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडावे, फाइल दाखवावी आणि ‘फाइल ओरिजिन’ येथे ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ हा पर्याय द्यावा. त्याच खिडकीत डेटाचा प्रकार न ओळखण्याचा पर्याय आहे, तोही निवडावाच, कारण एक्सेलच्या हुशारीचा फटका शेतीच्या यादीला सर्वांत जास्त बसतो. गट क्रमांक १२/१ लिहिला, की एक्सेल त्याची १२ जानेवारी ही तारीख करते. खाते क्रमांकाच्या आरंभीचे शून्य गळून पडते, आणि क्रमांक १५ अंकांपेक्षा लांब असेल तर सोळाव्या अंकापासून पुढे शून्येच उरतात. अशी यादी एकदा साठवली की मूळ अंक परत येत नाहीत, आणि या चुकीचा कोणताही संदेश पडद्यावर येत नाही.

प्रोग्रामच्या आवृत्तीचा प्रश्न थोडक्यात सांगतो. ऑफिस २००३ असलेल्या जुन्या संगणकावर डॉक्स फाइल तशीच उघडणार नाही; तेथे मोफत मिळणारे लिब्रेऑफिस बसवावे, ते जुन्या आणि नव्या दोन्ही प्रकारच्या फायली वाचते. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स यांच्या कोरलड्रॉ फायली नव्या आवृत्तीत साठवल्या असतील तर जुन्या आवृत्तीत उघडत नाहीत, तेव्हा छापखान्याला फाइल देताना त्यांची आवृत्ती विचारून त्याच आवृत्तीत साठवून द्यावी, किंवा सरळ पीडीएफ द्यावी.

खरोखर खराब झालेली फाइल

आता ज्या फाइलची ओळख पटली आहे, आकार भरलेला आहे आणि तरीही जी खराब असल्याचा संदेश येतो, तिच्याकडे वळू. ती इंटरनेट किंवा ई-मेलवरून आली असेल आणि पाठवणारा खात्रीचा असेल, तर प्रथम ‘प्रॉपर्टीज’मध्ये खालच्या बाजूला ‘अनब्लॉक’ची चौकट दिसते का ते पाहावे; विंडोज बाहेरून आलेल्या फाइलवर खूण करून ठेवते, आणि त्या खुणेमुळे एक्सेल धडधाकट फाइललाही खराब म्हणते. त्याचप्रमाणे नावाच्या सुरुवातीला लहरी रेघ आणि डॉलरचे चिन्ह असलेली, जेमतेम दीडशे-पावणेदोनशे बाइटची फाइल उघडण्याचा प्रयत्न करू नये. ती मूळ फाइल कोणी उघडली आहे याची वर्डने ठेवलेली चिठ्ठी असते. काम चालू असताना लाइट गेली की ही चिठ्ठी मागे राहते, आणि मूळ फाइल ‘दुसऱ्या कोणीतरी वापरत आहे’ असे सांगून अडून बसते. सगळे वर्ड बंद करून ही चिठ्ठी काढून टाकली की वाट मोकळी होते.

यानेही भागले नाही, तर वर्ड किंवा एक्सेल आधी उघडून ‘फाइल’, ‘ओपन’, ‘ब्राउज’ या वाटेने जावे, फाइलवर एकदाच क्लिक करावे आणि ‘ओपन’ या बटणाच्या कडेला असलेल्या छोट्या बाणातून ‘ओपन अँड रिपेअर’ निवडावे. दुरुस्त झालेली फाइल नव्या नावाने साठवावी आणि तिची पाने मोजावी. न मोजण्याचे फळ वर सांगितलेच आहे. येथेही नकार मिळाला, तर डॉक्स फाइल झिपच असते ही गोष्ट कामाला येते. प्रतीचे एक्स्टेन्शन बदलून झिप करावे आणि ती सोडवावी. नावाने आतला माल बदलत नाही, हे येथे आपल्या बाजूचे आहे. आतला माल आधीपासूनच झिपचा आहे. सोडवल्यावर ‘वर्ड’ नावाचा फोल्डर मिळतो, त्यातील ‘मीडिया’मध्ये दस्तऐवजातील सगळी चित्रे असतात आणि ‘डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल’मध्ये संपूर्ण मजकूर असतो. तो मजकूर ब्राउझरमध्ये किंवा नोटपॅडमध्ये खुणांच्या गर्दीतून वेचून घ्यावा लागतो, मांडणी सगळी जाते, पण शब्द हाती लागतात. एका शाळेच्या स्मरणिकेचे चाळीस फोटो आणि निम्म्याहून अधिक लेख मी याच मार्गाने परत मिळवले आहेत. झिपच सुटत नसेल तर सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्राम वापरून पाहावा. विंडोज जेथे हात टेकते तेथेही तो कधीकधी काही भाग काढून देतो.

लाइट गेल्यामुळे साठवता साठवता तुटलेल्या फाइलसाठी वर्डमधील ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘मॅनेज डॉक्युमेंट’ या वाटेने न साठवलेले मसुदे शोधावे. वर्ड मुळात दर १० मिनिटांनी असा मसुदा ठेवते. सेटिंगमध्ये ते अंतर २ मिनिटांवर आणावे, कारण वैशाखात सगळ्या गावाचे कूलर एकदम सुरू होतात तेव्हा १० मिनिटे हा फार मोठा काळ असतो. फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवलेली असेल, तर तिच्या मागील आवृत्त्या ३० दिवसांपर्यंत मिळू शकतात, आणि बिघाडाच्या आधीची आवृत्ती उतरवून घेता येते.

पेनड्राइव्ह

एकच फाइल उघडत नसेल तर दोष फाइलमध्ये शोधावा. पेनड्राइव्हवरील सगळ्याच फायली उघडत नसतील तर दोष पेनड्राइव्हमध्ये असतो. तो आधी दुसऱ्या यूएसबी जागेत, शक्यतो सीपीयूच्या मागील बाजूस, लावून पाहावा, कारण पुढच्या जागांत धूळ बसते आणि त्या ढिल्या होतात. ‘हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल’ असा संदेश आला, तर रद्द करावे. त्या प्रश्नाला होय म्हणणे सर्वांत सोपे असते आणि सर्वांत महागही पडते. डेटा हवा असेल तर त्या पेनड्राइव्हवर नवे काहीही लिहू नये, आणि फाइल परत मिळवणारा प्रोग्राम वापरायचा झाल्यास मिळालेल्या फायली संगणकाच्या डिस्कवर साठवाव्या, त्याच पेनड्राइव्हवर नव्हे. सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसत असतील, तर तो व्हायरसचा प्रताप आहे. मूळ फोल्डर बहुधा तेथेच लपवलेले असतात. शॉर्टकटवर क्लिक न करता, लपवलेल्या आणि संरक्षित फायली दाखवण्याची सोय ‘फोल्डर ऑप्शन्स’मधून चालू करावी, खऱ्या फायली काढून घ्याव्या आणि मगच पेनड्राइव्ह फॉरमॅट करावा.

संगणकावरील सगळ्याच फायलींना एका रात्रीत एकसारखे अनोळखी एक्स्टेन्शन लागले असेल आणि पैसे मागणारी चिठ्ठी सोबत असेल, तर इंटरनेटची तार त्याच क्षणी काढावी, पेनड्राइव्ह लावू नये आणि पैसे भरू नयेत. ‘नो मोअर रॅन्सम’ या २०१६ साली युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांच्या सहभागातून सुरू झालेल्या संकेतस्थळावर काही प्रकारांच्या किल्ल्या मोफत मिळतात. आपला प्रकार त्यात आज नसेल तरी त्या फायली जपून ठेवाव्या, कारण किल्ल्या पुढेही येत राहतात.

पुन्हा मागताना

इतके करूनही फाइल उघडली नाही, तर ती पाठवणाऱ्याकडे पुन्हा मागावी, पण नुसते ‘परत पाठवा’ म्हणू नये. तसे म्हटले की तो तीच फाइल त्याच वाटेने पाठवतो. ती झिप करून वॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवण्यास सांगावे, आणि त्याच्या संगणकावर ‘प्रॉपर्टीज’मध्ये दिसणारा आकार शेवटच्या बाइटपर्यंत फोनवर सांगायला लावावा. तो आकडा आपल्याकडे आलेल्या फाइलच्या आकड्याशी जुळवावा. एका अंकाचा जरी फरक असला, तरी वाटेत काहीतरी गळले आहे आणि दुसऱ्या मार्गाने पाठवणे उपयोगी पडेल. दोन्ही आकडे तंतोतंत जुळत असतील, तर दोष जवळपास नक्कीच वाटेतला नाही. मग त्याला फोनवर धरूनच ती फाइल त्याच्या स्वतःच्या संगणकावर उघडायला सांगावे, आणि तेथे ती उघडलीच तर तेथल्या तेथे तिची पीडीएफ करून मागून घ्यावी.